शॅमेलिऑनच्या लाइट्सचं टायमिंग: आधी रात्र लावा, मग दिवस

संध्याकाळी साडेसहा झाले की आमचा पँथर शॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) पिंजऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका बारीक फांदीकडं निघतो. लाइट अजून चालूच असतात, बंद व्हायला अर्धा तास असतो, पण त्याला बरोबर माहितीय. एक पाय उचलायचा, हवेतच थांबवायचा, मागंपुढं डुलायचं, मग कुठं तो टेकवायचा असं करत करत पोचतो, शेपटीची गोल गुंडाळी करतो, अंगावरचा हिरवा हळूहळू फिका पडतो आणि डोळे मिटून आत ओढले जातात. सात वाजता टायमरचा खट्ट आवाज येतो तेव्हा तो ऑलरेडी झोपलेला असतो.

हे जमायला मला जवळजवळ चार महिने लागले, त्यातले तीन तर वायाच गेले कारण मी चुकीच्या टोकाकडनं सुरू केलं होतं. बल्ब कुठला, किती वॉटचा, ट्यूब किती टक्क्यांची, सगळा अभ्यास दिवसाचा. रात्र म्हणजे काय, लाइट बंद केले की झाली, असं वाटायचं. तसं नसतं. म्हणून इथं मी उलटं सांगणारय, आधी रात्र नीट करायची आणि मग तिच्या दोन टोकांमध्ये दिवस बसवायचा.

पायरी १: काळोख म्हणजे खरंच काळोख

शॅमेलिऑन पक्का दिवसाचा प्राणी. त्याच्या डोळ्यातल्या पेशी उजेडात रंग आणि बारकावे बघण्यासाठी आहेत, अंधारात त्याला फारसं दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. रात्री तो खात नाही, फिरत नाही, फक्त झोपतो. त्यामुळं त्याला रात्री कुठलाच लाइट लागत नाही. लाल नाही, निळा नाही, चंद्रप्रकाश म्हणून विकतात तो तर अजिबातच नाही.

लाल बल्बचं मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. खोक्यावर लिहिलं होतं की सरपटणाऱ्या प्राण्यांना लाल उजेड दिसत नाही, मी आणला, लावला, आणि रात्री अकराला सहज बघितलं तर स्वारी फांदीवर बसलेली, एक डोळा मिटलेला आणि दुसरा उघडा, माझ्याकडं फिरवून. मला वाटलं माझ्या आवाजानं उठला असेल. असं तीन आठवडे चाललं. सकाळी मरगळलेला, दुपारी डोळे मिटून बसायचा, किड्यावर जीभ मारायचा तर नेम चुकायचा. मी व्हिटॅमिन बदललं, खाणं बदललं, सगळं केलं फक्त तो बल्ब सोडून. शेवटी एकदा तो बल्ब उडाला, नवीन आणायचा कंटाळा केला, आणि आठवड्याभरात गडी नॉर्मल. लाल रंग शॅमेलिऑनला चांगला दिसतो, एवढंच होतं ते. उलट आपल्यापेक्षा त्याला जास्तच दिसतं, कारण आपल्याला न दिसणारा यूव्हीए (अल्ट्राव्हायोलेटचा एक प्रकार) पण त्याला दिसतो. म्हणून तो जांभळा ब्लॅकलाइट पण रात्री नको. २०१८ मध्ये एका संशोधनात निघालं होतं की बऱ्याच शॅमेलिऑनच्या डोक्यावरचे हाडांचे उंचवटे यूव्हीखाली निळे चमकतात, ते व्हिडिओ बघून लोकांना घरी करून बघायचा मोह होतो. बघायचंच तर दिवसा दोन सेकंद बघा आणि सोडून द्या.

आता टेस्ट. रात्री पिंजऱ्याचे सगळे लाइट बंद, खोलीचे बंद, आणि तुम्ही पिंजऱ्याच्या शेजारी पाच मिनिटं नुसतं बसा. डोळे अंधाराला सरावले की काय काय दिसायला लागतं ते बघा. राउटरचे हिरवे ठिपके, एक्स्टेन्शन बोर्डाचं लाल बटण, डिजिटल थर्मामीटरचा डिस्प्ले, फटीतनं येणारा बाहेरचा रस्त्यावरचा दिवा. माझ्या पिंजऱ्याच्या आत सहा इंचावर निळा दिवा असलेला ह्युमिडिटी मीटर होता आणि मी त्यालाच काळोख समजत होतो. काळी टेप घ्या आणि एकेक झाका.

मोठा प्रॉब्लेम येतो तो पिंजरा हॉलमध्ये असेल तर. पिंजऱ्याचे लाइट सातला बंद होतात पण घरातली ट्यूब आणि टीव्ही अकरापर्यंत चालू, मग त्याची रात्र सातला सुरूच होत नाही, ती अकराला होते. शक्य असेल तर खोली बदला. नसेल तर गडद जाड कापडाचा पडदा करा, पण तो सगळे बल्ब बंद झाल्यावरच टाकायचा, गरम बल्बजवळ कापड म्हणजे आगीला आमंत्रण, आणि एक बाजू किंवा खालचा भाग मोकळा ठेवायचा म्हणजे हवा खेळती राहील.

पायरी २: रात्रीचा गारवा

दिवस आणि रात्र यात फरक फक्त उजेडाचा नाही, तापमानाचा पण असतो. आणि इथं बहुतेक लोक माया करायला जातात आणि चुकतात. बिचाऱ्याला थंडी वाजेल म्हणून रात्रभर हीटर. खरं तर तापमान उतरलं की त्याचं शरीर मंदावतं, नीट विश्रांती मिळते. सतत गरम रात्री मिळाल्या तर तो झोपूनही झोपत नाही.

पँथरला रात्री २० अंशाच्या आसपास उत्तम, व्हेल्ड (शॅमेलिऑनची दुसरी जात) त्याच्याहून खाली, १५ ते १८ पर्यंत आरामात जातो. जॅक्सन (तिसरी जात) तर केनिया-टांझानियातल्या डोंगरातला, त्याला त्याहून गार रात्री चालतात आणि आवडतात. दिवसाच्या मानानं निदान ६-८ अंश तरी उतार पडू दे. तुमच्या खोलीचं तापमान रात्री यापेक्षा फार खाली जात असेल तरच सिरॅमिक हीटर लावा, त्याला उजेड नसतो, आणि तो थर्मोस्टॅटवरच लावायचा, थेट प्लगात नाही. खोली उलट गरमच राहत असेल तर काम अवघड आहे. जाळीचा पिंजरा, खिडकी उघडी, पिंजऱ्यावर थेट नाही पण खोलीत फिरणारा पंखा. आणि अशा घरात निदान जॅक्सन तरी आणू नका, प्लीज.

किमान आणि कमाल लक्षात ठेवणारा थर्मामीटर घ्या, प्रोब त्याच्या झोपायच्या फांदीजवळ. पहाटे किती उतरतं ते आपण झोपेत असतो म्हणून कळत नाही, हा सांगतो.

पायरी ३: दिवस किती तासांचा आणि कधी सुरू

बारा तास उजेड, बारा तास काळोख, हे सगळीकडं वाचायला मिळतं. ते आलं कुठनं तर हे प्राणी ज्या भागातले आहेत तिथनं. पँथर मादागास्करचा, व्हेल्ड येमेन आणि सौदीच्या नैऋत्य कोपऱ्यातला, जॅक्सन विषुववृत्ताजवळचा. विषुववृत्तावर दिवस वर्षभर बारा तासांच्याच आसपास असतो, आणि बाकीच्यांच्या भागात वर्षभरात ११ ते १३ तासांत खालीवर होतो. म्हणून बारा हा आकडा सगळ्यांना चालतो. वाटलं तर थंडीत ११, उन्हाळ्यात १३ करा, मी व्हेल्डला करायचो, पँथरला करत नाही, फरक पडल्याचं मला तरी दिसलं नाही. पण चौदा-पंधरा तास उजेड कुणालाच नको.

आता सुरुवातीची वेळ. इथं दोन गोष्टी बघायच्या.

एक म्हणजे खिडकी. पिंजरा खिडकीजवळ असेल तर तुमचा टायमर काहीही म्हणो, त्याचा दिवस सूर्यच सुरू करणार. मी एकाला बघितलंय, टायमर सकाळी १० ते रात्री १०, ऑफिसवरनं आल्यावर बघता यावा म्हणून, आणि खिडकीतनं सहालाच उजेड. म्हणजे त्या जिवाला सोळा तासांचा दिवस, आणि हे साहेब विचारतायत की हा दुपारी का झोपतो. खिडकी असेल तर टायमर सूर्याला धरून लावा. ती पूर्ण झाकलेली असेल तरच वेळ तुमच्या मर्जीनं सरकवता येते, मग ९ ते ९ करा, हरकत नाही.

दुसरी म्हणजे तुम्ही. दिवसातला पहिला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास, यातला एक तरी तुम्हाला रोज बघता यायला पाहिजे, कारण प्राण्याची तब्येत त्या दोन वेळांनाच सगळ्यात जास्त कळते. उठल्यावर अंग गडद करून बल्बकडं आडवा होतो का, संध्याकाळी त्याच फांदीवर जातो का. दुपारी नुसता बसलेला शॅमेलिऑन बघून काहीही कळत नाही.

पायरी ४: तीन लाइट, तीन कामं, तीन टायमर

सगळं एका बोर्डात लावून एक टायमर, हे सोपं आहे पण चुकीचं आहे, कारण तिघांच्या वेळा वेगळ्या असतात.

पहिला, साधा भरपूर उजेड. ६५०० केल्विनच्या आसपासचे, म्हणजे दिवसासारखे पांढरे एलईडी. याला लोक शोभेचा समजतात, पण दिवस झाला हे त्याला कळतं ते मुख्यतः यानंच. आत खरी झाडं असतील, मनी प्लांट वगैरे, ती पण यावरच जगतात. पट्टी कमी पडली तर दोन लावा, आणि दोन असतील तर दोघांचे टायमर वेगळे ठेवा, का ते पुढं येईल.

दुसरा, यूव्हीबी (अल्ट्राव्हायोलेटचाच दुसरा प्रकार). हा नसेल तर बाकी सगळं फुकट. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण कातडीवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून व्हिटॅमिन डी ३ तयार व्हायला सुरुवात होते, पुढचं काम अंगाच्या उबेनं होतं, आणि ते डी ३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही. मग पाय वाकडे होतात, जबडा रबरासारखा होतो, आणि ते पूर्ण परत सरळ होत नाही. पँथरवर झालेल्या अभ्यासात एक मस्त गोष्ट दिसली होती, ज्यांच्या खाण्यात डी ३ कमी होतं ते आपणहून यूव्हीत जास्त वेळ काढत होते. म्हणजे त्याला किती हवंय ते तो स्वतः ठरवतो, आपलं काम फक्त त्याला चॉइस देणं, उजेडाची जागा पण आणि पानांआडची सावली पण.

यासाठी लांब टी ५ (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब घ्या, पिंजऱ्याच्या रुंदीएवढी. वेटोळ्यासारखे छोटे यूव्ही बल्ब नकोत, त्यांचा झोत एका ठिकाणीच पडतो. काचेतनं आणि बहुतेक प्लॅस्टिकमधनं यूव्हीबी येत नाही, म्हणजे खिडकीतलं ऊन या कामाचं नाही. वरची जाळी पण बराच यूव्ही अडवते. पँथर आणि व्हेल्डसाठी शेकायच्या फांदीवर (तो अंग तापवायला बसतो ती), त्याच्या पाठीच्या उंचीला, यूव्ही इंडेक्स (यूव्ही किती तीव्र याचं माप) ३ च्या आसपास यावा. ५-६ टक्के यूव्हीबीची टी ५ ट्यूब जाळीवर ठेवली तर ते साधारण २०-२५ सेंटिमीटरवर येतं, पण प्रत्येक फिक्स्चर, प्रत्येक जाळी वेगळी, त्यामुळं सोलारमीटर (यूव्ही मोजायचं यंत्र) मिळाला कुणाकडनं तर एकदा मोजून घ्याच. ट्यूब जुनी झाली की दिसायला तशीच पांढरी दिसते पण यूव्हीबी उतरलेला असतो, मीटर नसेल तर वर्षाला बदला. मी ट्यूबच्या टोकाला मार्करनं लावल्याची तारीख लिहितो. अंदाजानं 'परवाच तर लावली' म्हणतो ती दीड वर्षापूर्वीची निघते.

तिसरा, शेकायचा बल्ब. साधा पिवळा किंवा हॅलोजन. पँथरला त्या जागी २९-३० अंश, व्हेल्डला ३०-३२ (मादीचं वेगळं, ते शेवटी येईल), जॅक्सन आणि सगळ्यांची पिल्लं यांना २७-२८ च्या वर नको. मोजायचं ते फांदीवर नाही, त्याच्या डोक्याच्या टोकाला! व्हेल्ड नराचा तुरा फांदीच्या कितीतरी वर येतो आणि फांदीवर ३१ असेल तिथं तुऱ्याला ३६ लागत असतं. तुरा भाजल्याच्या केसेस अशाच होतात, कारण वरनं भाजतंय हे त्याला पटकन कळत नाही, हलत नाही तो. दुसरं म्हणजे तो जाळीला उलटा लटकून बल्बच्या अगदी खाली जाऊ शकतो, म्हणून बल्ब जाळीवर टेकवू नका, वर स्टँडवर किंवा साखळीवर टांगा.

पायरी ५: प्रत्यक्ष वेळापत्रक

हे माझं, ७ ते ७ धरून. तुमची वेळ वेगळी असेल तर सगळंच सरकवा.

६:५० – दोन मिनिटं पाण्याचा फवारा, काळोखातच. उठेपर्यंत पानांवर दव असतं, तो ते चाटतो.
७:०० – पहिला एलईडी.
७:२० – दुसरा एलईडी आणि यूव्हीबी.
७:३० – शेकायचा बल्ब.
११:०० – शेकायचा बल्ब बंद.
६:०० – यूव्हीबी बंद.
६:३० – दुसरा एलईडी बंद.
७:०० – पहिला एलईडी बंद, काळोख. मग परत दोन मिनिटं फवारा.

सकाळचे ते दोन एलईडी वेगवेगळे कशाला, तर एकदम भप्पकन उजेड पडला की काही जण दचकून फांदीवरनं पाय सोडतात. पण सकाळपेक्षा संध्याकाळचं जास्त महत्त्वाचं आहे. सगळं एकदम बंद झालं तर तो जिथं असेल तिथंच, भांड्याच्या काठावर नाहीतर जाळीवर अर्धवट लटकलेला, रात्रभर अडकतो, कारण अंधारात त्याला परत जाता येत नाही. सहाला यूव्ही गेला, साडेसहाला अर्धा उजेड गेला, की त्याला इशारा मिळतो. आठ-दहा दिवसांत तो इशारा पाठ होतो आणि मग सुरुवातीला सांगितलं तसं तो लाइटच्या आधीच निघतो.

शेकायचा बल्ब दिवसभर का नाही, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. बाहेर तो सकाळी गार पडलेलं अंग तापवतो, मग पानांत शिरतो. सकाळचे तीन-चार तास पुष्कळ. बल्ब लागल्यावर तो गडद होईल, अंग चपटं करून एक कूस बल्बकडं करेल, आणि तापला की रंग उजळून निघून जाईल. वीस-तीस मिनिटांत निघून जात असेल तर तुमचं तापमान बरोबर आहे. अकराला बल्ब बंद झाल्यावरही गडद होऊन तिथंच बसून राहत असेल तर खोली गार आहे, बल्ब १ पर्यंत न्या किंवा दुपारी साडेतीन ते साडेचार दुसरा राउंड द्या. खोली आधीच २८-२९ ला असेल तर दोन तासही बास.

यूव्हीबी काही लोक फक्त मधले सहा तास ठेवतात, ते पण चालतं, पण निदान शेकायच्या वेळेत तरी तो चालू असलाच पाहिजे, दोन्ही एकत्र लागतात.

फवारा सुरू असताना शेकायचा बल्ब कधीच चालू नको, गरम काचेवर पाणी उडालं की तडकते. आणि फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) असेल तर तो मध्यरात्रीनंतर, १ ते ५ वगैरे, आणि तेही रात्र २० अंशाच्या खाली उतरत असेल तरच. गरम कोंदट खोलीत रात्रभर धुकं केलं तर छातीचं इन्फेक्शन घरपोच.

खाणं पण याच घड्याळात बसवा. शेकून झाल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास. लाइट बंद व्हायच्या आधीचे तीन-चार तास काही देऊ नका, गार अंगात पचत नाही. शिवाय आत सुटे राहिलेले क्रिकेट (खायला सोडलेले किडे) रात्री झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

पायरी ६: टायमर लावताना होणारे घोळ

गोल चकतीचा मेकॅनिकल टायमर असेल तर कडेनं बारीक पिना असतात, बहुतेकात ९६, एक पिन म्हणजे १५ मिनिटं. त्यामुळं वरच्या वेळा १५ च्या पटीत करून घ्या, ७:२० चं ७:१५ करा, काही बिघडत नाही. फवाऱ्याला मात्र हा चालत नाही, दोन मिनिटांसाठी सेकंदांचा टायमर लागतो. चकती फिरवून आत्ताची वेळ बाणासमोर आणायला विसरू नका, आणि बाजूला एक छोटं बटण असतं ते 'कायम चालू' वर नाही ना ते बघा. पिना सगळ्या बरोबर आणि बटण चुकीचं, मग रात्रभर उजेड.

याचा मोठा तोटा म्हणजे लाइट गेली की तो थांबतो. दोन तास लाइट गेली तर तेव्हापासून तुमच्या शॅमेलिऑनचं घड्याळ दोन तास मागं, आणि तुम्हाला पत्ताच नाही. वीज जात असेल तिथं आत सेल असलेला डिजिटल टायमर घ्या. स्मार्ट प्लग घेत असाल तर दोन गोष्टी आधी तपासा, इंटरनेट बंद केलं तरी वेळापत्रक चालतं का, आणि वीज जाऊन परत आल्यावर तो चालू होतो, बंद राहतो का जिथं होता तिथं येतो. तपासायचं म्हणजे खरंच राउटर बंद करून बघायचं, खोक्यावरचं वाचून नाही.

डिजिटलवाल्यांचा घोळ वेगळा. मी सकाळ-दुपारचं उलटं लावलं होतं. संध्याकाळी सातला सगळं चालू, सकाळी सातला बंद. मी नेमका त्या दिवशी लावून बाहेरगावी, दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर भर दुपारी पिंजरा अंधारात आणि हा पठ्ठ्या फिका पडून झोपलेला. त्या दिवसापासनं २४ तासांचं घड्याळ, १९:०० म्हणजे १९:००, वादच नाही.

लोड फार नसतो, ट्यूब, दोन एलईडी आणि ६० वॉटचा बल्ब मिळून दीडशे वॉटच्या आसपास, पण टायमरवर लिहिलेली मर्यादा एकदा वाचा. शेकायच्या बल्बला सिरॅमिक होल्डरच, प्लॅस्टिकचा वितळतो. डिमर किंवा थर्मोस्टॅट फक्त शेकायच्या बल्बला, यूव्हीच्या ट्यूबला कधीच नाही. आणि वायर प्लगपर्यंत सरळ उतरवू नका, आधी प्लगच्या खाली झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे फवाऱ्याचं ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाला टपकेल, सॉकेटात जाणार नाही.

आणि हे सगळं प्राणी आणायच्या आधी दोन दिवस रिकाम्या पिंजऱ्यात चालवा. पहिला दिवस तुम्ही बघायला असताना, दुसरा थर्मामीटरच्या भरवशावर.

पायरी ७: लावलं, आता तो काय सांगतोय

आधीच प्राणी असेल आणि वेळ बदलायची असेल तर एकदम तीन तास सरकवू नका, दर एक-दोन दिवसांनी १५ मिनिटं. दिवसा वीज गेली तर काही करू नका, खिडकीचा उजेड पुरतो, एखाद दिवस शेक नाही मिळाला तर काही होत नाही. रात्री उशिरा वीज आल्यावर 'दिवस भरून काढायला' लाइट लावणं मात्र नको, सात म्हणजे सात.

सकाळी लाइट लागून तासभर झाला तरी डोळे मिटलेले, किंवा भर दिवसा झोपतोय, हे वेळापत्रकाच्या पलीकडचं लक्षण आहे. शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. नुकताच यूव्ही बदलला असेल तर आधी तो बंद करा, जास्त तीव्र यूव्हीनं डोळे सुजतात, पण डॉक्टरकडं त्याच दिवशी न्या, 'बघू दोन दिवस' नको. बल्बखाली तोंड उघडून बसतोय आणि रंग फिका, म्हणजे गरम होतंय. दिवसभर गडद आणि सारखा वरच्या जाळीला बल्बजवळ चिकटलेला, म्हणजे गार. लाइट बंद व्हायच्या दोन-अडीच तास आधीच झोपायला जात असेल तर आधी दिवस फार लांब झालाय का बघा, खिडकीचे तास मोजा. ते बरोबर असेल आणि तरी रोज तसंच, तर परत डॉक्टर.

रात्री तो नीट झोपतो का बघायचं तर टॉर्च मारत बसू नका. रानात शॅमेलिऑन शोधणारे लोक रात्रीच टॉर्च घेऊन जातात, कारण झोपलेला फिका शॅमेलिऑन झाडीत उठून दिसतो, पण ती त्यांची गरज, आपली नाही. इन्फ्रारेड कॅमेरा लावा, तोही ९४० नॅनोमीटरवाला, ८५० वाल्याचे दिवे अंधुक लाल चमकतात. रात्री जागा बदललेली दिसली तर पायरी १ ची पाच मिनिटांची बैठक परत करा. मला एकदा अशी हालचाल दिसली, दोन रात्री कारण सापडेना. शेवटी निघालं ते शेजारच्या खोलीतल्या फिश टँकचं निळं मूनलाइट, दाराच्या खालच्या फटीतनं येणारं.

माद्यांबद्दल एकच. व्हेल्ड मादी फार गरम आणि फार खाऊन ठेवली तर नराशिवायसुद्धा अंड्यांच्या मोठमोठ्या खेपा काढते आणि त्यात खचते. तिचा शेक २७ च्या आसपास ठेवा आणि रात्री नीट गार पडू द्या.

बाहेरगावी जाताना मी टायमरांवर टेप मारून जातो आणि वर चिठ्ठी, 'हात लावू नका, अंधार आहे तो मुद्दाम आहे'. घरातलं कुणीतरी येतंच हो, अंधारात बिचारा म्हणून लाइट लावून जातं.